डोक्यावरचा हात

“तुमच्या मते सृजनप्रक्रिया म्हणजे नेमकं काय?” मी विचारलं.

जाल मेहेरहोमजींनी बिस्किट चहात बुडवलं, ते मऊ होईपर्यंत थांबले, मग म्हणाले, “हे लिंडोला विचारलं का तू?”

“नाही. तुमच्यापासूनच सुरुवात करतोय.”

“मग पहिलं त्याला विचार. तो काय बोलतो ते येऊन मला सांग. मी त्याच्या उलटं बोलतो.”

तेवढ्यात बिस्किट चहात पडलं. मी वहीत लिहिलं : ‘विरोधातून निर्मिती.’

एकूण एकेचाळीस प्रश्नांपैकी हा पहिला होता. गोष्ट १९९८ सालची. मी चोवीस वर्षांचा होतो आणि पुण्यात ‘षड्जपंचम’ नावाच्या संगीतविषयक मासिकात सहा महिन्यांच्या बोलीवर उपसंपादक होतो. आमच्या संपादक कुमुदताई घैसास यांनी दिवाळी अंकासाठी ‘सृजनप्रक्रिया’ हा विषय घेतला होता. शास्त्रीय संगीतवाले सगळे वाटून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. “अभिराम, जॅझही हवं म्हणतात लोक. कँपात तीन म्हातारे वाजवतात म्हणे. तू जा. पण वरवर नको. खोलात जा.”

खोलात जाणं ही आमच्या मासिकाची परंपरा होती. माझ्या आधीचा उपसंपादक एका सतारवादकाच्या मुलाखतीत इतका खोलात गेला, की पुढे तो त्यांचा जावई झाला आणि मुलाखत राहूनच गेली. त्याच्याच रिकाम्या खुर्चीवर मी बसत होतो.

मला जॅझमधलं काही कळत नव्हतं. पण प्रश्न मात्र एकेचाळीस तयार होते.

*

ते तीन म्हातारे दर रविवारी दुपारी बारा ते तीन कँपातल्या एका जुन्या क्लबात वाजवत. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण तिथे मला अजून आत सोडतात. जाल पियानोवर, वय एकाहत्तर. एर्मेलिंडो फुर्तादो ऊर्फ लिंडो सॅक्सोफोनवर. मूळचा मडगावचा, वय अडुसष्ट, डोक्यावर दाट काळे केस. आणि ड्रमवर दत्ताराम हिंगमिरे. ते पोलीस बँडमधून निवृत्त झालेले होते आणि बसलेले असले तरी सावधान उभे असल्यासारखे दिसत. चौथा, बेस वाजवणारा, १९८४ साली कॅनडाला गेला होता. त्याची खुर्ची अजून मांडत. कॅनडातून कोणी कधी परत येईल सांगता येत नाही, असं जालचं म्हणणं होतं.

मी पहिल्यांदा ऐकायला गेलो तो रविवार मला आठवतो. लिंडो एखादी गोड ओळ घेऊन निघाला, की जाल खालून असा काही आडवा सूर टाकायचा की लिंडोने तोंडघशी पडावं. लिंडो पडायचा नाही. हवेतच वळायचा, भलत्याच ठिकाणी उतरायचा आणि तिथून जालवर उलटा डाव टाकायचा. जाल दात-ओठ खात तो झेलायचा. टेबलांवरचे लोक धनसाक खायचे थांबायचे. माझ्या अंगावर काटा आला. मी वहीत लिहिलं : ‘दोन जीवांचं अद्वैत. शब्दांवाचून संवाद.’

शब्दांवाचून हे तर अक्षरशः खरं होतं. मध्यंतरात जाल पियानोवर बसल्या-बसल्या म्हणाला, “दत्ता, त्याला सांग, पुढचं जरा हळू घे.”

लिंडो दीड हातावर उभा होता.

दत्ताराम मान वळवून म्हणाले, “लिंडो, जाल म्हणतो पुढचं जरा हळू घे.”

“दत्ता, त्याला सांग, हळू हवं असेल तर घरी जाऊन झोप.”

“जाल, लिंडो म्हणतो बघतो.”

हे एकोणीस वर्षं चाललं होतं. दोघं एकमेकांशी एक अवाक्षर बोलत नव्हते आणि एकही रविवार चुकवत नव्हते.

निघताना दत्ताराम ड्रमला खोळ घालत होते. “मला काही विचारायचंय का?” ते म्हणाले.

मी यादी पाहिली. पियानोसाठी एकवीस प्रश्न होते, सॅक्सोफोनसाठी वीस. तबलजीला काय विचारणार, अशी आमच्या मासिकात पद्धत होती. मग ड्रमवाल्याला तरी काय विचारणार?

“पुढच्या वेळी नक्की,” मी म्हणालो.

*

जालच्या घरी माझ्या चार बैठका झाल्या. तिसरीत त्याने एक बातमी सांगितली. कोपनहेगनहून एक गृहस्थ येणार होते. गेल्या वर्षी ते योगायोगाने क्लबात जेवायला आले होते आणि जेवण तसंच टाकून ऐकत बसले होते. आता सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी यंत्रं घेऊन येणार आणि या तिघांची रेकॉर्ड काढणार.

“पन्नास वर्षं वाजवतो मी,” जाल म्हणाला. “सारं हवेत गेलं. एक पण सूर कुठे ठेवलेला नाय. मेलो तर लोक बोलणार, जाल चांगला वाजवायचा. कोण पुरावा देणार? म्हणून डीकरा, ही एक रेकॉर्ड पाहिजे मला. एकच बस.”

मी यादी पाहिली. सतरावा प्रश्न होता. “तुमच्या कलेत अपूर्णतेचं स्थान काय?”

जालने कप खाली ठेवला. बराच वेळ बोलला नाही. आमच्या मासिकात मौनालाही महत्त्व असल्यामुळे मी ‘मौन’ असं लिहिलं.

“तुला जॅझ कसं वाजवतात माहीत आहे?” त्याने विचारलं. “पहिलं सगळे मिळून एक चाल वाजवतात. त्याला आम्ही हेड बोलतो. मग एकेक जण त्या चालीवर आपल्या मनाचं वाजवतो, त्याला पाहिजे तेवढा वेळ. आणि सगळ्यांनी परत मूळ चालीवर यायचं असलं, की लीडर आपल्या डोक्यावर असा हात ठेवतो. हेड! ड्रमवाला ते बघतो, पितळी थाळीवर एक जोरात मारतो, आणि सगळे परत पहिल्यापासून. समजला?”

“समजलं.”

“एकोणऐंशी साल. रविवार. लिंडोने बायकोवर बनवलेली चाल होती, ‘फिलू’. माझी पाळी आली. मी वाजवायला लागलो. असं कधी वाजवलं नव्हतं मी. बोटं माझी नव्हती. पाच आवर्तनं झाली, सहावं चालू झालं, आणि समोर मला एक दरवाजा दिसला. तू हसू नको.”

“मी लिहितोय.”

“खरोखरचा दरवाजा. त्याच्या पलीकडे काहीतरी होतं, ते मला आता वाजवता येणार होतं. मी कडीला हात लावला. आणि...” त्याने टेबलावर थाप मारली. “धाड! थाळी वाजली. लिंडोने मूळ चाल उचलली. खेळ खलास. का? कारण त्या हलकटाने डोक्यावर हात ठेवला. माझा सोलो त्याला सहन नाय झाला.”

“तुम्ही पाहिलंत?”

“डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून. साफ पाहिलं.”

“आणि तो दरवाजा?”

“परत दिसला नाय,” जाल म्हणाला आणि गार चहा पिऊन टाकला.

*

लिंडोच्या घरी मी त्या हाताबद्दल विचारलं. तो उसळलाच. “हात? डोक्याला? मी? माझ्या आईची शपथ, मी हात लावला नाही! एकोणीस वर्षं सांगतो मी!”

“पण पुरावा काय?”

पुरावा म्हटल्यावर लिंडो खुर्चीतच वळला. त्याने आत पाहिलं. त्याची बायको फिलोमिना स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. तिने तिथूनच म्हटलं, “सांग त्याला. बस झालं आता.”

लिंडो उठला, दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला. मग त्याने दोन्ही हातांनी आपले दाट काळे केस धरले आणि टोपी काढावी तसे काढून मांडीवर ठेवले.

खाली डोकं होतं. संपूर्ण, गुळगुळीत, नारळासारखं.

“त्याच रविवारी पहिल्यांदा घातला होता,” लिंडो खालच्या आवाजात म्हणाला. “त्याच्या आधी हॅट असायची माझी. मुंबईहून आणला, नाटकवाल्यांचा. गोंद पण सुकला नव्हता रे. तीन तास मान हलवली नाही मी. श्वास जपून घेत होतो. आणि तो जाल म्हणतो, मी डोक्याला हात लावला! लावला असता तर हातात आला असता!”

“मग हे सांगितलं का नाही?”

“कसं सांगू? हात लावला नाही कारण विग होता, असं सांगू? सगळ्या कँपाला?” त्याने विग कुरवाळला. “माणूस निर्दोष असून कसा अडकतो बघ. मला वाटलेलं, जालनेच खूण केली. त्याचं झालं असेल, म्हणून दत्ताने थाळी वाजवली. मी चाल उचलली. पुता, हे छापू नको हां.”

“नाही छापणार,” मी शब्द दिला.

आणि छापलं नाहीच. फक्त जालला वाचून दाखवलं. कारण एकविसावा प्रश्न ‘सहकलाकाराच्या प्रतिपादनावर आपली प्रतिक्रिया?’ असा होता, आणि त्यासाठी प्रतिपादन वाचून दाखवणं भाग होतं.

जाल आधी ऐकत राहिला. ‘गोंद पण सुकला नव्हता’ इथे त्याचे खांदे हलायला लागले. ‘हातात आला असता’ इथे तो खुर्चीवरून घसरला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना.

“एकोणीस वर्षं,” तो म्हणाला. “विगपायी! मेल्या लिंडो!”

त्याने कोट चढवला, वाटेत मावा केकचा खोका घेतला आणि थेट लिंडोचं दार वाजवलं. मी मागे होतो. लिंडोने दार उघडलं, जालकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं की मी जिन्याच्या दोन पायऱ्या खाली गेलो. जाल पुढे झाला आणि लिंडोच्या केसांवर हळूच हात ठेवला.

“बावा, आता तरी काढ. गरम होत असेल.”

दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. फिलोमिनाने क्रूसाची खूण केली. मी वहीत लिहिलं : ‘खोलात गेल्याचं सार्थक.’

पण मग थाळी वाजलीच का, हा प्रश्न तिथे कोणालाच पडला नाही. दत्ताला चुकून काहीतरी दिसलं असेल, असं ठरवून ते दोघं केक खायला बसले. मलाही तो पडला नाही. माझ्या यादीत नव्हता.

*

पुढच्या रविवारी लिंडो विगशिवाय आला. डोक्यावर ऊन पडून अख्खा क्लब उजळला. जालने उठून त्याच्यासाठी खुर्ची ओढली. लिंडो म्हणाला, तू बस आधी. जाल म्हणाला, नाय नाय, तू. दोघं उभेच.

मग वाजवायला लागले.

ते मी कसं सांगू? लिंडो एक गोड ओळ घेऊन निघाला. जालने खालून अगदी तोच गोड सूर दिला. लिंडोने मान डोलावून आभार मानले. जालने हसून त्याचा स्वीकार केला. मग लिंडो थांबला, कारण जालला काही म्हणायचं असेल. जालही थांबला, कारण लिंडोचं अजून संपलं नसेल. त्या शांततेत दत्तारामांच्या काठ्या एकट्याच चालत राहिल्या. लोक परत धनसाककडे वळले. खिडकीपाशी एक वयस्कर सभासद नेहमी डोळे मिटून ऐकत. ते आज घोरायला लागले.

मध्यंतरात दत्तारामांनी मला खुणेने बाजूला बोलावलं.

“हे तुम्ही केलंत?”

“हो,” मी नम्रपणे म्हणालो.

“काय वाजतंय हे? मुलगी बघायला गेल्यासारखं.” त्यांचा आवाज चढत नसे, पोलीस खात्यातला माणूस होता. “तीन आठवड्यांवर रेकॉर्डिंग आहे. तो डेन्मार्कवाला काय पोहे खायला येतोय? जालची ही एकच रेकॉर्ड होणार, आणि त्यावर हे राहणार, कायमचं.”

“पण त्यांची मैत्री...”

“मैत्री चहाच्या वेळी ठेवावी. तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच नीट करा.” मग त्यांनी विचारलं, “मला काही विचारायचं होतं ना तुम्हाला?”

“पुढच्या वेळी,” मी म्हणालो, कारण मला तिथून पळायचं होतं.

*

दोन मित्रांत भांडण लावणं अवघड नसतं असं मी समजत होतो. घरी दोन आत्या आहेत, अनुभव होता.

मी जालकडे गेलो आणि म्हणालो, “बोलू नये, पण लिंडो म्हणतो तुमचे सूर जुनाट झालेत.”

जाल विचारात पडला. “खरं बोलतो तो. मला कधी सुचलंच नाय. दोस्तच असं तोंडावर सांगतो.” दुसऱ्या दिवसापासून तो लिंडोकडे नवीन सूर शिकायला जाऊ लागला.

मी लिंडोकडे गेलो. “जाल म्हणत होते, विगमध्येच तुम्ही बरे दिसत होता.”

लिंडोचे डोळे भरून आले. “बघ, किती बारीक लक्ष त्याचं!”

शेवटी मी नीचपणाची हद्द गाठली. फिलोमिनाच्या माशांच्या कालवणाला जाल नावं ठेवतो, असं फिलोमिनालाच सांगितलं. तिने रविवारी जालसाठी वेगळं, कमी तिखटाचं, डबाभर आणलं. जालने ते सगळं संपवलं आणि त्या दिवशी पियानोवर इतका सुस्त बसला, की दोन चाली त्याने झोपेतच वाजवल्या असाव्यात. ऐकताना फरक कळला नाही.

कुमुदताईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “फार छान. संवाद घडवून आणलास. शीर्षक काय देतोयस?”

*

रेकॉर्डिंगच्या दिवशी क्लब भरला होता. कोपनहेगनचे गृहस्थ उंच, पांढऱ्या भुवयांचे होते, आणि कानांना यंत्र लावून बसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मला खांबामागची खुर्ची मिळाली. तिथून जालची पाठ आणि लिंडोचं चमकणारं डोकं दिसे. ड्रमच्या जागी सगळा खांब होता.

जालने इस्त्रीचा पांढरा कोट घातला होता. बसण्याआधी त्याने मला हात केला.

पहिल्या दोन चाली झाल्या. सुबक, सौजन्यपूर्ण. कोणी कोणाला दुखावलं नाही. कोपनहेगनच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. मग ‘फिलू’ सुरू झालं. लिंडोने आपलं वाजवलं, झुकून जालला वाट करून दिली, आणि सप्टेंबरचा उकाडा होता म्हणून रुमाल काढला.

जाल वाजवायला लागला. एक आवर्तन. दुसरं. बरं चाललं होतं, म्हणजे नुसतंच बरं चाललं होतं. सहकारी बँकेच्या वार्षिक अहवालासारखं. मला ते ऐकवेना. हीच ती एक रेकॉर्ड. पन्नास वर्षांचा पुरावा म्हणून हे राहणार, आणि ते मी केलं. मी डोक्याला हात लावला.

धाड!

थाळी वाजली. अख्खा क्लब दचकला. लिंडोने सवयीने एका हाताने सॅक्सोफोन तोंडाला लावला. जालची बोटं हवेत राहिली. तो सावकाश वळला.

लिंडो एका हाताने वाद्य सावरत होता. दुसरा हात रुमालासकट डोक्यावर होता.

“परत?” जाल म्हणाला. “परत?”

“काय परत?”

“डोक्यावर हात! आता तर विग पण नाय! आता कोणता गोंद सुकायचा होता?”

“घाम पुसत होतो मी!”

“माझ्याच सोलोला घाम येतो तुला? एकोणीस वर्षं पुसला नाय आणि आज पुसला?”

“विगमध्ये घाम कुठून पुसणार, गाढवा!”

“दत्ता!” जाल ओरडला. “त्याला सांग, गाढव तो. त्याचा बाप गाढव!”

खांबाआडून दत्तारामांचा शांत आवाज आला. “लिंडो, जाल म्हणतो परत पहिल्यापासून घेऊ.”

मी डोक्यावरचा हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

दुसऱ्यांदा घेतलं ते तुम्ही कदाचित ऐकलं असेल. रेकॉर्डवर तेच आहे. पहिल्या सुरापासून जालने लिंडोच्या पायाखालची जमीन ओढायला सुरुवात केली. लिंडो पडता-पडता असा काही उसळला, की पुढच्या टेबलावरच्या बाईंनी चमचा खाली ठेवला. मग जालची पाळी आली. तो पियानो वाजवत नव्हता, पियानोला जाब विचारत होता. तीन आवर्तनं. चार. पाच. सहावं सुरू झालं आणि मला खांबामागून त्याची पाठ एकदम ताठ झालेली दिसली.

मी थाळीची वाट पाहत होतो. थाळी वाजली नाही.

सातवं झालं. आठवं झालं. ते काय होतं ते मला लिहिता येणार नाही. खिडकीपाशचे सभासद उभे राहिले होते आणि आपण का उभे आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. लिंडो हात खाली सोडून ऐकत होता. अकराव्या आवर्तनाशेवटी जालने स्वतः आपल्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा कुठे थाळी वाजली, अगदी हलकी, आणि लिंडोने मूळ चाल उचलली.

संपल्यावर जाल बराच वेळ पट्ट्यांवर हात ठेवून बसला. कोपनहेगनच्या गृहस्थांनी कानांवरची यंत्रं काढली आणि चष्मा पुसला. मग जालने पियानोचं झाकण मिटलं.

“दत्ता,” तो म्हणाला, “त्याला सांग, पुढच्या रविवारी वेळेवर ये.”

*

दिवाळी अंक निघाला. माझा लेख अकरा पानांचा होता, ‘मौनातलं अद्वैत’. कुमुदताईंना तो इतका आवडला की मी नोकरीत कायम झालो. तळाशी बारीक अक्षरांत ‘ड्रमची साथ : द. हिंगमिरे’ असं होतं.

पण मला चैन नव्हतं. जालला दरवाजा सापडला, रेकॉर्ड झाली, तरी ते दोघं पुन्हा बोलेनासे झाले, आणि हे सगळं माझ्या एका हातामुळे. शेवटी अंकाची प्रत घेऊन मी दत्तारामांच्या घरी गेलो, सोमवार पेठेत. त्यांनी लेख पूर्ण वाचला. घडी घालून बाजूला ठेवला. चहा आला.

“मला तुम्हाला एक सांगायचंय,” मी म्हणालो. “रेकॉर्डिंगच्या दिवशी डोक्यावर हात लिंडोंनी नव्हता ठेवला. म्हणजे त्यांनी घाम पुसला. खूण म्हणून तुम्हाला जो हात दिसला तो माझा होता.”

दत्तारामांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं.

“तुमचा? तुम्ही तर खांबामागे होता.”

“मग तुम्ही लिंडोंचा पाहिलात?”

“पाहिला. रुमाल कधी वर जातो याचीच वाट बघत होतो.”

मी कप ठेवला. “म्हणजे... मुद्दाम?”

“जाल काय वाजवत होता ते तुम्ही ऐकलंत ना? तेच रेकॉर्डवर गेलं असतं.”

“आणि एकोणऐंशी साली? तेव्हाही मुद्दाम?”

“छे,” दत्ताराम म्हणाले. “तेव्हा शिंक आली.”

“काय?”

“शिंक. आवरली नाही. काठी सुटली ती थाळीवर पडली. लिंडोला वाटलं जालने खूण केली, जालला वाटलं लिंडोने. मी सांगणारच होतो. पण चाल संपल्या-संपल्या दोघं एकमेकांच्या अंगावर गेले, मला कोण विचारतो. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू.” त्यांनी बशीत चहा ओतला. “पुढच्या रविवारी दोघांनी असं वाजवलं, असं वाजवलं... मग नाही सांगितलं.”

“एकोणीस वर्षं?”

“दर रविवारी ठरवायचो. दर रविवारी ऐकायचो. राहून जायचं.”

“पण त्या दोघांचं आयुष्य...”

“अहो, नुसती दोस्ती असती तर कधीच कंटाळून घरी बसले असते. बेसवाला सगळ्यांशी गोड होता. गेला कॅनडाला.” त्यांनी बशी तोंडाला लावली, मग खाली ठेवून, स्वतःशी हिशेब जुळवल्यासारखे म्हणाले, “पहिल्यांदा शिंकलो होतो. दुसऱ्यांदा मात्र वाजवलं.”

बाजूला माझा अकरा पानांचा लेख पडला होता. त्यात सृजनप्रक्रिया हा शब्द त्रेसष्ट वेळा आला होता. मी डोक्याला हात लावला.

दत्ताराम लगेच ताठ बसले. बोटं टेबलाच्या कडेवर आली.

“परत पहिल्यापासून?” त्यांनी विचारलं.

मी वही उघडली, कोरं पान काढलं, आणि विचारलं, “दत्तारामजी, तुमच्या मते सृजनप्रक्रिया म्हणजे नेमकं काय?”